सहा इंच वर

५ जानेवारी, रविवार

रिटायर होऊन आठवडाही झाला नाही. आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. नियम तीन: खरं लिहायचं, थोडक्यात लिहायचं, तक्रार करायची नाही.

सकाळी बोम्मसंद्र्याला गेलो. प्रणीतचा ग्रुप तिथे दर रविवारी जमतो. प्रणीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळचा नाशिकचा. होसूर रोडच्या कडेला एका दर्शिनीपाशी, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलपाशी, थांबायचं, कॉफी प्यायची आणि रस्त्यावरून उंच केलेला ट्रक किंवा जीप गेली की तिच्या पोटाखाली बघायचं, हा कार्यक्रम. बाकीचे हौशी आहेत. मी सरकारी कारखान्यात आयुष्यभर गिअरबॉक्स केले. त्यामुळे माझं बघणं वेगळं.

आजच मोठी शिकार झाली. हिरवा ट्रक, पोट जमिनीपासून केवढं तरी वर, आणि मागच्या चाकाजवळ खाली लोंबणारा गिअरचा डबा. म्हणजे पोर्टल ॲक्सल. यात ॲक्सल चाकाच्या मध्यातून न जाता वरून जातो आणि डब्यातले गिअर जोर खाली चाकाला देतात. असा ट्रक बंगळुरात दिसणं म्हणजे लॉटरी. मी मोठ्याने जाहीर केलं. प्रणीतने फोटो मोठा करून पाहिला. म्हणाला, "काका, ही बोअरवेलची गाडी आहे. आणि तो डबा नाही, दोरीला बांधलेली टोपली आहे." सगळ्यांनी पाहिलं. टोपलीच्या बाजूने बहुमत झालं.

बहुमताने गिअरबॉक्स ठरत नसतो. शिवाय तो मला काका म्हणतो. सर म्हणायला हवं.

येताना बायकोला, कल्पनाला, जयनगरला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, गुडघ्यांचे एक्स-रे दाखवायला. ती गाडीतच बसून होती. टोपलीची चर्चा लांबली. पोचलो तोवर दवाखाना बंद. तिने एक्स-रे परत पिशवीत घातले. समंजस आहे.

८ जानेवारी, बुधवार

कल्पना एकटीच रिक्षाने डॉक्टरांकडे जाऊन आली. दोन्ही गुडघे बदलायचे, आधी डावा. म्हणालो, अवश्य बदलू, पण अभ्यास करून. गुडघा हाही शेवटी एक जॉइंटच. मी पंधरा दिवसांत वाचून सांगतो.

१९ जानेवारी, रविवार

निर्णय झाला. नुसतं बघणारा माणूस कधी तज्ज्ञ होत नाही. स्वतःची गाडी हवी आणि ती स्वतःच्या अकलेने उंच केलेली हवी.

जुनी जीप मिळाली. पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारी चाकांना कमानपाटे. लिफ्ट करायला अशी गाडी म्हणजे कोरी पाटी. आमची छोटी गाडी त्याच माणसाने घेतली. ती तशीही जमिनीला टेकलेली होती.

कल्पनाला संध्याकाळी सांगितलं. वह्या तपासत होती. ती बसवनगुडीतल्या शाळेत गणित शिकवते. तिने एकच विचारलं, "मी चढायचं कसं?"

हा प्रश्न इंजिनिअरिंगचा आहे आणि त्याला उत्तर आहे. पायरी.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून जीप ग्रुपला दाखवायला नेली. सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं. प्रणीत म्हणाला, "काका, बेस चांगला आहे. पण लिफ्ट करताना प्रॉपेलर शाफ्टचा कोन सांभाळा."

मला सांगतो. गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जोर नेणारा हा दांडा मी त्याच्या जन्माआधी शिकलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

घरमालक विश्वासराव आणि त्यांच्या पत्नी सोयराबाई खाली राहतात. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, अजून मराठी बोलतात, पण त्यात कन्नड इतकं की मला अर्धं अंदाजाने घ्यावं लागतं. म्हणाले, "साहेब, ते गाडी स्वल्प बाजूला लावा. आमची सोयराबाई तुळशीला पाणी घालायला जाऊ शकत नाही." मी म्हणालो, गाडी उद्या गॅरेजला जाणार. म्हणाले, "सरी. परत येताना लहान होऊन येईल काय?"

मोठी होऊन येईल, हे मी सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बोम्मसंद्र्याच्या गॅरेजमध्ये काम सुरू. प्लॅन माझा. मूळ रचनेत पाटे ॲक्सलच्या खाली आहेत. ते वर घ्यायचे, म्हणजे गाडी आपोआप तेवढी उचलली जाते. शिवाय पाटे टांगणारे शॅकल लांब करायचे आणि मोठे टायर. नुसत्या पाट्यांमुळे सहा इंच. टायरचं वेगळं.

गॅरेजवाला मी म्हणतो त्याला "सरी सार", म्हणजे बरं साहेब, म्हणतो. मी चुकीचं सांगितलं तरी म्हणेल, अशी शंका एकदा मनात आली. पण मी चुकीचं सांगत नाही, त्यामुळे प्रश्न येत नाही.

गुडघ्यांबद्दल वाचायचं राहिलं. या आठवड्यात नक्की.

१६ फेब्रुवारी, रविवार

आणली.

होसूर रोडवर लोक माना वळवून बघत होते. सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत माझं डोकं बसच्या खिडक्यांच्या बरोबरीला होतं. आयुष्यात प्रथमच बंगळूर वरून पाहिलं.

कल्पनाला खाली बोलावलं. ती फाटकात उभी राहून बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "पायरी?" पायरी अजून झालेली नाही. लोखंडी पायरी लावली तर खालून दिसणारी रेषा बिघडते. तोवर न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल आणलं. एका हाताने दाराची कडी, एक हात माझ्या खांद्यावर, मग उजवा पाय, आणि मग डाव्याला थोडं उचलून. जमलं. उतरताना स्टूल सरकलं, पण मी पकडलं. स्टूल पकडलं. ती दाराला धरून होती.

म्हणाली, उद्यापासून रिक्षाने जाते. तेवढाच तिला मोकळेपणा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी चालवताना खालून एक गुणगुण येते. चाळीसच्या पुढे. टायरच्या नक्षीचा आवाज. रुळला की जातो.

२३ फेब्रुवारी, रविवार

ग्रुपमध्ये दाखल. मागून पुढून फोटो झाले. मग प्रणीत आपल्या चटईवर आडवा होऊन खाली शिरला. बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाला, "काका, मागचा शाफ्ट फारच तिरपा झालाय. टोकाच्या जॉइंटमधला क्रॉस टिकणार नाही. ॲक्सल आणि पाट्यांमध्ये पाचर घालून ॲक्सलचं तोंड वर करा, नाहीतर शाफ्टच्या दुसऱ्या टोकाची ट्रान्सफर केस थोडी खाली घ्या."

मी म्हणालो, कोन मी मोजला आहे, मर्यादेत आहे. तो म्हणाला, "गुणगुणतेय का?" मी म्हणालो, नाही.

(रोजनिशीत खरं लिहायचं म्हणून लिहितो: गुणगुणते. पण ती टायरची आहे, म्हणून "नाही" हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर.)

कोन मोजलेला नव्हता. आज मोजला. दोरीला नट बांधून ओळंबा केला, कल्पनाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. सतरा अंश. थोडा जास्त, पण लोखंड समजूतदार असतं.

कल्पना जिन्यातून पाहत होती. तिला बसायला खुर्ची लागते, म्हणून ती कठड्याला टेकली होती. म्हणाली, "गाडी उतारावर उभी आहे ना? मग हा कोन खरा कसा?"

विश्वासरावांच्या फाटकापासून आतपर्यंत उतार आहे, हे खरं. पण शाळेतलं गणित वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं. सपाट जागा शोधून पुन्हा मोजीन. बसवनगुडीत सपाट जागा म्हणून नाही.

२ मार्च, रविवार

ग्रुप सोडला. प्रणीतने माझ्या शाफ्टचा फोटो टाकून "कोणी असं करू नये" या अर्थाचं लिहिलं. नाव नव्हतं. पण माझ्या शाफ्टला मी ओळखतो.

नवा ग्रुप काढला: "उन्नत वाहन, बंगळूर". ॲडमिन मी. सभासद कल्पना आणि विश्वासराव. दर्जा महत्त्वाचा, संख्या नाही.

८ मार्च, शनिवार

कल्पनाने ग्रुप सोडला. चुकून बोट लागलं असणार. विश्वासराव रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा फोटो टाकतात. आज मी एका उंच पिकअपचा फोटो टाकून विचारलं, यात काय वेगळं दिसतं? त्यांनी लिहिलं, "रंग चांगला आहे साहेब."

१६ मार्च, रविवार

एकटाच गेलो, के. आर. पुरमच्या बाजूला. तिकडे माझा नवा स्पॉटिंग पॉइंट करायचा विचार आहे. केबलच्या पुलाच्या अलीकडे उभा राहिलो. काही आलं नाही. पाण्याचे टँकर आले. एका टँकरवाल्याने गाडी थांबवून मला विचारलं, बिघडली का. मी म्हणालो, नाही, उभा आहे. तो माझ्या जीपखाली पाहून हसला आणि गेला. हेवा.

गुणगुण आता पस्तीसलाच सुरू होते. ऊन वाढलंय, रबर मऊ होतं.

घरी आलो तेव्हा कल्पना पलंगावर पाय वर ठेवून शमिकाशी फोनवर बोलत होती. शमिका आमची मुलगी, पुण्यात नोकरीला. मी आत आल्यावर कल्पना म्हणाली, "बरं, नंतर बोलू." माझ्यामुळे तिने बोलणं तोडू नये, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बोलून झालं होतं."

३० मार्च, रविवार, पाडवा

आज लिहायचं मनात नव्हतं. पण नियम आहे.

मराठी मंडळात पाडव्याचा कार्यक्रम होता. कल्पना रिक्षाने जाणार होती. मी म्हणालो, वर्षाचा पहिला दिवस आहे, जोडीने जाऊ, आपल्या गाडीतून. ती एकदम नको म्हणाली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि "चला" म्हणाली. मोतिया रंगाची साडी नेसली होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची.

चढवायला सोयराबाई आल्या. त्या आणि मी, दोन्ही बाजूंनी. सोयराबाई म्हणाल्या, "अक्का, ही गाडी नव्हे, घोडा आहे." कल्पना हसली. किती दिवसांनी हसली असेल, ते आता आठवत नाही.

रस्ताभर ती सीटची कड धरून होती. आवाजामुळे बोलता येत नव्हतं. मंडळाच्या दारात गाडी लावली, मी उतरून स्टूल घ्यायला मागे गेलो. तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी भेटले. त्यांना गाडीची उंची किती ते हवं होतं. म्हणजे त्यांनी "काय हो हे?" असं विचारलं. मी सांगत होतो. कल्पना थोडा वेळ थांबली आणि मग स्वतःच उतरायला लागली.

डाव्या पायावर पडली.

बायकांनी उचललं, खुर्ची आणली, बर्फ आणला. कार्यक्रम तिने खुर्चीत बसून पूर्ण पाहिला. गुडघा उशीसारखा सुजला. येताना सेक्रेटरींनी आपल्या गाडीतून सोडलं. मी मागून जीपने आलो.

दोष लिफ्टचा नाही. साडीचा. पंजाबी ड्रेस असता तर काही झालं नसतं. तसं तिला म्हणणार होतो, पण ती झोपली होती. डोळे मिटलेले होते.

३१ मार्च, सोमवार

पायरीचं ड्रॉइंग सुरू केलं. दोन पातळ्यांची, घडीची. खालून दिसणारी रेषा न बिघडवता. संध्याकाळी कल्पनाला दाखवलं. तिने नीट पाहिलं. म्हणाली, "छान आहे. कुणासाठी?"

प्रश्न कळला नाही. ड्रॉइंग आणखी स्पष्ट करायला हवं.

१० एप्रिल, गुरुवार

दिवसभर गाडीखाली. प्रणीतचं म्हणणं मला पटलं असं मुळीच नाही, पण सगळं एकदा घट्ट करून घ्यावं म्हणून. क्रॉस हाताने हलवला तर किंचित खेळतो. किंचित खेळायलाच हवा, तो जॉइंट आहे.

कल्पना काठी घेऊन खाली आली होती. गाडीशेजारी उभी राहून बराच वेळ बोलली. शाळेला सुट्टी लागली, नीलिमा, पुणे, सतरा तारीख, असं बरंच. नीलिमा तिची धाकटी बहीण. मला पाय दिसत होते फक्त. डाव्या पावलावर ती वजन टाकत नाही, हे खालून फार स्पष्ट दिसतं. तोंडात स्पॅनर धरला होता, त्यामुळे मी "हं" म्हणालो. ती म्हणाली, "ऐकलंत ना?" मी पुन्हा "हं" म्हणालो.

बदल हवाच तिला. पुण्याची हवा कोरडी, सांध्यांना बरी.

१३ एप्रिल, रविवार

सतरा तारखेचं तिकीट पाहिलं. गाडी के. आर. पुरमहून, संध्याकाळची. परतीचं तिकीट काढायला विसरली. मी काढून देतो म्हणालो. ती म्हणाली, "राहू दे."

बॅग भरते आहे. त्यात एक्स-रेचं मोठं पाकीट कशाला, ते विचारलं नाही. नीलिमाला दाखवायचं असेल. बहिणींचं असं असतं.

मी जाहीर केलं, स्टेशनवर मी सोडणार. ती म्हणाली, रिक्षा सांगितली आहे. मी म्हणालो, एवढी दणकट गाडी दारात असताना बायको रिक्षाने गेली तर लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोक काही म्हणत नाहीत हो." पण शेवटी ऐकलं. पाडव्याचा डाग मला पुसायचा आहे. यात मी कमी पडणार नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

घरी पोचलो. हात धुतले, पण काळे निघत नाहीत.

दुपारी वेळ ठेवूनच निघालो. विश्वासरावांनी एक बाजू धरली, सोयराबाईंनी दुसरी. सोयराबाईंनी वाटेसाठी चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, दिला. विश्वासराव कल्पनाला म्हणाले, "अक्का, सगळं सरी होईल. धैर्य ठेवा." पुण्याला जायला धैर्य कशाला, असं मला वाटलं.

गुणगुण सुरुवातीपासून होती. मधे मधे खटखट. कल्पना म्हणाली, हा आवाज वेगळा आहे. मी म्हणालो, रस्ता वेगळा आहे. टिन फॅक्टरीच्या बसथांब्यापुढे, पूल समोर दिसत असताना, खालून कोणीतरी घणाचा घाव घातल्यासारखं झालं. मग दुसरा, मग लागोपाठ. फ्लोअरबोर्ड पायाखाली उडत होता. कल्पनाने दोन्ही पाय वर घेतले. तिला पाय वर घेता येत नाहीत, तरी घेतले.

थांबलो. मागचा शाफ्ट एका टोकाने सुटून रस्त्यावर लोंबत होता. क्रॉस तुटला होता.

मागे बसेस, टँकर, हॉर्न. एक ट्रॅफिक पोलीस आला. त्याने गाडी पाहिली, वर कल्पनाला पाहिलं आणि मला कन्नडमध्ये काही विचारलं. मी स्टूल शोधत होतो. स्टूल घरी राहिलं होतं. पोलिसाने एक रिक्षा थांबवली. रिक्षावाला उतरून आला, दार उघडून म्हणाला, "स्वल्प निधान, अक्का," म्हणजे जरा हळू. कल्पना सीटच्या कडेला सरकली आणि दोघांनी तिला दोन्ही हातांनी धरून अलगद खाली घेतलं. एखादी काचेची वस्तू उतरवावी तसं. मी शाफ्टकडे बघत होतो, नाहीतर मीही धरलं असतं.

बॅग रिक्षात ठेवली. कल्पना आत बसली. म्हणाली, "तुम्ही येताय ना? बॅग चढवायला."

मी म्हणालो, गाडी भर रस्त्यात टाकून कसा येऊ? रस्त्याला अडथळा होईल. तू हो पुढे, हमाल कर.

तिने बॅग जवळ ओढून घेतली. मला वाटलं आणखी काही विचारेल. मग "सरी" म्हणाली, पण मला नाही, रिक्षावाल्याला. रिक्षा गेली.

मग मी खाली शिरलो. तुटलेला क्रॉस हातात घेतला. इतका स्वच्छ ब्रेक मी नोकरीतही पाहिला नव्हता. कडेला शिंपल्यासारख्या रेषा, म्हणजे चीर हळूहळू वाढत आलेली, आणि मधे ताजा चमकता भाग, म्हणजे आजचा. महिनाभर तो तुटत होता आणि आज सुटला. फोटो काढले. सर्वात चांगला कल्पनाला पाठवला.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. रेल्वेत रेंज नसते.

१९ एप्रिल, शनिवार

प्रणीतचा फोन. टो करून नेताना माझ्या जीपचा फोटो कोणीतरी काढला आणि त्यांच्या ग्रुपवर टाकला. हे कुणाचं काम असेल यावर दोन दिवस चर्चा चालू आहे. प्रणीत म्हणाला, "काका, मी तुमचं नाव सांगितलं नाही." मी म्हणालो, सांगायला हरकत नव्हती. तो म्हणाला, "नको."

मग म्हणाला, "काकू गाडीत नव्हत्या ना?"

नाही म्हणालो.

२२ एप्रिल, मंगळवार

शमिकाचा फोन. कल्पनाच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन काल झालं. व्यवस्थित झालं. आज धरून उभी राहिली.

मी म्हणालो, मला कोणी सांगितलं नाही. शमिका म्हणाली, "बाबा, आईने तुम्हाला सांगितलं होतं. तारीख, हॉस्पिटल, सगळं. तुम्ही हं म्हणालात."

गाडीखाली आवाज नीट येत नाही. तसं तिला म्हणालो. मी म्हणालो, आज निघतो. ती म्हणाली, "आत्ता नको. आई म्हणतेय, गर्दी नको."

गर्दी म्हणजे मी एकटा. नीलिमा आणि तिचे यजमान तिथे आहेत. शमिका आहे. शाळेतल्या दोन बाई बंगळुराहून मुद्दाम गेल्या आहेत. त्यांना कळलं होतं.

सोयराबाईंनी रात्रीचं जेवण पाठवलं. त्यांनाही माहीत होतं. धैर्य त्यासाठी.

२७ एप्रिल, रविवार

जीप परत पहिल्यासारखी करायचं ठरवलं. कल्पना येईल तेव्हा तिला सहज चढता आलं पाहिजे. ही माझी स्वतःची कल्पना आहे, कोणी सुचवलेली नाही.

बोम्मसंद्र्याला गॅरेजवर गेलो. जुने शॅकल, जुने टायर, सगळं त्याने भंगारात दिलं होतं. मी तेव्हा "नको ते" म्हणालो होतो म्हणे. पाट्यांच्या बैठका कापून नव्या वेल्ड केल्या होत्या, त्या पुन्हा हलवल्या तर ॲक्सलची नळी वाकेल. मी विचारलं, मग काय करायचं? तो म्हणाला, "तुम्ही सांगा सार."

मी खाली वाकून बराच वेळ पाहिलं. तो बाजूला उभा होता, मी काही सांगीन म्हणून. शेवटी कागद सही करून त्याला दिले. सुटे करून विकायला. निघताना तो चाकं काढायला लागला होता. चाकांशिवाय ती अगदी बुटकी दिसत होती.

परत बसने आलो. उभ्याने.

४ मे, रविवार

कुठे गेलो नाही. ग्रुपवर विश्वासरावांचा गुलाब आला. मी अंगठा दिला.

संध्याकाळी कल्पनाने स्वतः फोन केला. आवाज चांगला होता, मोकळा. चौकशी केली, जेवण काय, कपडे काय, गॅस बुक केला का. मी जीप गेल्याचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. आनंद होईल असं मला वाटलं होतं.

मग म्हणाली, "उजवा ऑगस्टमध्ये करायचाय, इथेच. शाळेला कळवलंय, जूनला येत नाही." मी म्हणालो, म्हणजे कधी येणार? ती म्हणाली, "बघू. नीलिमाचं घर तळमजल्यावर आहे. इथे मला बरं वाटतं." मी म्हणालो, मी येऊन राहू का? ती म्हणाली, "तुम्ही इथे काय कराल इतके दिवस?" इथे म्हणजे पुण्यात, असं तिला म्हणायचं होतं. बंगळुरात मी काय करतो, ते तिने विचारलं नाही.

काही बोलायला हवं होतं. शब्द जुळवत होतो. पाडव्याचं, टिन फॅक्टरीचं, सगळं एका वाक्यात बसत नव्हतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "अहो, एक सांगायचं राहिलं. आज मी एकटी रिक्षात चढले. कुणाचा हात न धरता. आणि उतरलेही." बोलताना तिला धाप लागली होती, इतकी ती खूश होती. मी तिला असं बोलताना कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, "फूटबोर्डची उंची साधारण किती होती?"

मागे कोणाचं तरी हसणं ऐकू येत होतं, भांड्यांचा आवाज होता. मग तिने फोन शमिकाकडे दिला.

शमिका म्हणाली, "बाबा, ठेवू?"

हं म्हणालो.

उद्या लवकर उठायचं आहे. कशासाठी, ते सकाळी ठरवीन.